२०१२ची इम्पल्स: इंजिन करायचं की गाडीच बदलायची?

खडीवाला_१५०

हिरो इम्पल्स, नोंदणी मार्च २०१२, एमएच-१२, ६१,००० किमी. वापर महिन्यातले दोन-तीन रविवार: पानशेतच्या मागची खडी, मुळशीकडची लाल माती, उन्हाळ्यात सासवड बाजूचा मुरूम. रोजच्या कामाला ही गाडी नसते.

आत्ताची अवस्था अशी: ५०० किमीला साधारण ३०० मिली ऑइल पिते, निळा धूर मारते. पुढचा डावा शॉकअप गळतो. हँडल सरळ आलं की मधोमध कट् करून अडकतं. मागचं चाक खड्ड्यात गेलं की खालून टण्णकन आवाज येतो. उजव्या फूटरेस्टच्या ब्रॅकेटपाशी रंगावर एक बारीक रेघ आहे. तडा आहे की नुसता रंग फुटलाय, कळत नाही.

गॅरेजने दिलेला कागद: फुल इंजिन १९,५००, पुढचे शॉकअप ६,०००, मागचा शॉक ४,०००, कोनसेट (हँडलची बेअरिंग) आणि चाकांची बेअरिंग २,५००, चेन-स्प्रॉकेट २,४००, किरकोळ २,१००. एकूण ३६,५००.

दुसरीकडे २०२१ची एक्सपल्स २०० बघितली आहे, २७,००० किमी, ९५,००० मागतायत. चौदा वर्षांच्या गाडीत साडेछत्तीस हजार घालावेत का, की त्यात भर घालून ती घ्यावी?

लोखंडी_चिमटा

कागद वाचला. पहिलीच ओळ फुल इंजिन, आणि शेवटपर्यंत चेसिस (गाडीचा सांगाडा) हा शब्द नाही. सगळे इथेच फसतात. धूर दिसतो म्हणून इंजिनावर बोट जातं, पण इम्पल्सच्या बाबतीत निर्णय इंजिनावर ठरतच नाही.

कारण साधं आहे. इंजिन १४९.२ सीसीचं, हिरोच्याच हंक आणि सीबीझेड एक्स्ट्रीमच्या घराण्यातलं. पिस्टन, रिंगा, क्लच प्लेटा, टायमिंग चेन या वस्तू नाना पेठेत आजही हातात पडतात. पुढच्या शॉकअपच्या नळ्या, चिमटा (मागचं चाक धरणारा लोखंडी हात), टाकी, मडगार्ड, बाजूचं फायबर मात्र फक्त इम्पल्सचं. ते दुसऱ्या कुठल्या गाडीचं बसत नाही, आणि ही गाडी बंद होऊन बरीच वर्षं झाली. म्हणून आधी न मिळणारे भाग तपासा. ते धड असतील तरच इंजिनाचा विचार करा. क्रम उलटा केलात तर चकाचक इंजिन तडकलेल्या सांगाड्यात बसवून मोकळे व्हाल.

त्या रेघेचा निकाल घरी लागतो. ब्रॅकेटभोवतीचा भाग डिझेल आणि तारेच्या ब्रशने धुऊन कोरडा करा. रेघेवर ब्रशने रॉकेल किंवा पातळ पेनिट्रेटिंग ऑइल लावा, पंधरा मिनिटं मुरू द्या, मग फडक्याने अगदी कोरडं पुसा. त्यावर खडूची पूड फुंकरीने बसवा आणि गाडी फूटरेस्टवर दाबून दोन-चार वेळा हलवा. अर्ध्या तासात पांढऱ्या पुडीवर ओलसर काळी रेघ उमटली तर तडा आहे. पूड कोरडीच राहिली तर नुसता रंग. जाड रंगाखाली हे नीट कळत नाही, म्हणून संशय असेल तिथला रंग आधी पॉलिश पेपरने धातूपर्यंत काढा. हीच परीक्षा हँडल सांगाड्यात बसतं त्या मुंडीखाली (टाकी काढून), चिमटा सांगाड्याला जोडलेला असतो त्या पिव्होटच्या दोन्ही बाजूंना आणि मागचा शॉक वर जिथे अडकतो तिथे करा.

निकाल कसा लावायचा: तडा फूटरेस्टच्या ब्रॅकेटमध्ये किंवा त्याच्या वेल्डमध्ये असेल तर दुरुस्ती होते. तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडायचं म्हणजे तो पुढे पळत नाही, रेघ ग्राइंडरने व्ही आकारात उघडायची, मिग वेल्ड मारायचा आणि वरून त्रिकोणी पट्टी. वेल्डिंगच्या आधी बॅटरी आणि सीडीआयची (ठिणगी देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीची) वायर काढून ठेवा. तडा मुख्य नळीत शिरला असेल किंवा मुंडीजवळ असेल तर इथेच थांबा. तिथे वेल्ड मारणारे भेटतील, पण नळी वेल्डच्या शेजारी कडक होऊन पुढच्या उडीला बाजूलाच फुटते. आणि मुंडीवर चेसिस नंबर असतो, तिथे ग्राइंडर लागला तर आरटीओत उत्तर देत बसाल.

मागचा आवाज: इंजिनाखाली क्रेट लावून मागचं चाक हवेत घ्या. चाक बारा आणि सहा वाजता धरून वर-खाली उचला. वर-खाली खडखडलं तर शॉकचे बुश गेलेत. चिमट्याचं टोक धरून डावीकडे-उजवीकडे ढकला. तिथे हललं तर पिव्होटचे बुश. बुश लेथवर बनवून मिळतात, तो प्रश्न नाही. प्रश्न पिव्होटच्या बोल्टचा. दरवर्षी काढून ग्रीस न लावलेला बोल्ट बुशमध्ये गंजून एकजीव होतो, आणि मग गॅरेजमध्ये हातोडीने ठोकून त्याचे आटे आणि चेसिसचं भोक दोन्ही बाद करतात. दोन दिवस आधी पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, नट अर्धा आट्यावर ठेवूनच ठोका.

हँडल मधोमध अडकतं म्हणजे कोनसेटच्या वाट्यांत गोळ्यांचे खळगे पडलेत. हे काम किरकोळ. फक्त जुनी वाटी मुंडीतून ठोकून काढताना ती घट्ट होती की हाताने निघाली, हे स्वतः उभं राहून बघा. हाताने निघाली तर मुंडी आतून मोठी झालीये, आणि मग नवा कोनसेट दोन राइडमध्ये सैल.

चाकांची बेअरिंग काढतानाही तेच बघा. हबमध्ये बेअरिंग नुसतं फिरत असेल तर सेंटर पंचने टिंबं मारून बसवू देऊ नका, पहिल्या चिखलात सुटतं. हब लेथवर मोठा करून स्लीव्ह टाकावी लागते. नवं बेअरिंग दोन्ही बाजूंना रबर सील असलेलंच घ्या, त्यावर २आरएस लिहिलेलं असतं. पत्र्याच्या झाकणाचं स्वस्त मिळतं, पण नदी ओलांडणाऱ्या गाडीत ते टिकत नाही.

टॅपेट_सेट

चेसिसचं वर आलंच आहे, मी इंजिनापुरतं लिहितो. ‘फुल इंजिन’ हा शब्द ऐकला की आधी विचारायचं: क्रँक का उघडताय? ब्लॉक-पिस्टन-हेड म्हणजे हाफ इंजिन. क्रँककेस फोडलं की फुल. १९,५०० पैकी मोठा भाग क्रँक, बेअरिंग, गिअर आणि त्याच्या मजुरीचा असणार. ऑइल पिण्याचा आणि क्रँकचा संबंध नाही.

धुराची वेळ बघा. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना भसकन निळा धूर आणि मग साफ: वॉल्व्हचे सील. उतारावर थ्रॉटल सोडून गाडी गिअरमध्ये येऊ दिली आणि पुन्हा पिळल्यावर धूर: सील किंवा गाइड. चढावर लोडखाली सतत धूर: रिंगा आणि बोअर (पिस्टन चालतो ते सिलिंडरचं भोक).

मग कॉम्प्रेशन. गेज घ्या, इंजिन गरम करा, प्लग काढून गेज पिळा, थ्रॉटल पूर्ण उघडा (अर्ध्या थ्रॉटलवर आकडा खोटा कमी येतो), प्लगची वायर अर्थला टेकवून ठेवा, काटा वर जायचा थांबेपर्यंत सात-आठ किका. ९.१ : १ कॉम्प्रेशनच्या या इंजिनात १५० पीएसआयच्या आसपास किंवा पुढे असेल तर उत्तम, १२०च्या खाली असेल तर काम आहे. नंतर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा. जागचा हलला नाही तर वॉल्व्ह.

ब्लॉक काढाल तेव्हा कनेक्टिंग रॉड दोन बोटांत धरून सरळ वर-खाली ओढा. तिथे हालचाल शून्य हवी. डावी-उजवीकडे थोडं सरकतंच, त्याला क्रँक गेला म्हणू नका. गॅरेजवाला नेमकं तेच हलवून दाखवतो.

बोअर मोजायला गेज नसेल तर रिंगच मोजमाप करते. नवी रिंग ब्लॉकमध्ये पिस्टनने ढकलून आडवी बसवा. आधी अगदी तळाशी, जिथे पिस्टनच्या रिंगा पोचतच नाहीत, तिथे फिलर गेजने तोंडाची फट घ्या. मग वरून २० मिमी खाली, जिथे झीज सगळ्यात जास्त असते. दोन फटींतला फरक भागिले ३.१४ म्हणजे व्यासातला फरक. फट ०.३० मिमीने वाढली तर बोअर वर ०.१० मिमीने मोठा झालाय. इतकं असेल तर नुसत्या रिंगा टाकणं म्हणजे पैसे चिखलात. गोल रिंग वाकड्या भोकात बसत नाही, पाचशे किमीत पुन्हा धूर. व्यासातला फरक ०.०५च्या आत असेल तर होनिंग (बोअर दगडाने घासून बारीक रेघा पाडणं) आणि नव्या रिंगा पुरतात.

बोअर करायचा ठरला तर आधी पिस्टन विकत घ्या, मग तोच पिस्टन घेऊन लेथवाल्याकडे जा. ओव्हरसाइज पाव-पाव मिलिमीटरने वाढतात: ०.२५, ०.५०, ०.७५, १.००. पावमध्ये काम होत असेल तर अर्ध्यावर उडी मारू नका, पुढच्या वेळेला धातू उरायला हवा. बोअर पिस्टनच्या मापाने करायचा, पिस्टनच्या डब्यावरच्या आकड्याने नाही. पिस्टन स्कर्टच्या खालच्या भागात, पिनेच्या काटकोनात मोजतात, आणि बोअर त्याहून साधारण तीन शतांश मिलिमीटर मोठा. शेवटी होनिंगच्या तिरक्या जाळीदार रेघा दिसल्या पाहिजेत. आरशासारखा गुळगुळीत बोअर दाखवून कोणी कौतुक करत असेल तर परत करा. रेघांत ऑइल थांबतं, त्यावर रिंगा बसतात.

आणि ब्लॉक घरी आणल्यावर पेट्रोलने नव्हे, गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने धुवा. ब्रशने. पेट्रोल ऑइल काढतं, पण होनिंगच्या दगडाची पूड रेघांत तशीच बसते, आणि ती पूड म्हणजे पॉलिश पेपरच. पांढरं फडकं बोअरमध्ये फिरवून पांढरंच बाहेर आलं पाहिजे. मग लगेच कोरडं करून ऑइल, नाहीतर दहा मिनिटांत तांबूस गंज.

हे सगळं करून उपयोग शून्य, जर धूळ आत जायची वाट तशीच राहिली. एअर बॉक्स आणि कार्ब्युरेटरमधला रबरी पाइप काढा, आतून बोट फिरवा, बोटं एकमेकांवर चोळा. करकर लागली तर तुमच्या रिंगा कोणी खाल्ल्या ते कळलं. पाइपला तडा असतो, क्लिप सैल असते, नाहीतर फिल्टर खोबणीत नीट बसत नाही. पाइप बदला, फिल्टरच्या कडेला ग्रीसची बारीक वळ द्या, आणि पहिल्या कच्च्या राइडनंतर पुन्हा बोट फिरवा.

अर्धा_चमचा

टॅपेट_सेट यांचं सगळं पटलं, एक दुरुस्ती. चमचाभर ऑइल नको. १४९.२ सीसी आणि ९.१ : १ म्हणजे पिस्टन वर असताना उरलेली जागा साधारण साडेअठरा मिली. त्यात ५ मिली ऑइल ओतलं तर चौथाई जागा ऑइलनेच भरली. मग रिंगा ठणठणीत असल्या तरी आकडा चढणारच, आणि तुम्ही उगाच बोअर करून घ्याल. २ मिली पुरे, इंजेक्शनच्या सिरिंजने. त्यानेही जागा कमी झाल्यामुळे आकडा थोडा चढतो, शंभराला दहा-पंधरा धरा. त्याच्या वर जो चढला तो रिंगांचा.

उडीबाबा

इतकी झिगझिग कशाला? जुनी कावासाकी केएलएक्स १४० शोधा. खरी डर्ट बाइक, हलकी, मजबूत. विषय संपला.

पासिंगवाला

विषय संपत नाही, तिथे सुरू होतो. केएलएक्स १४०, ११०, केएक्स या ट्रॅकच्या गाड्या. नोंदणीच होत नाही, नंबर प्लेट नाही, विमा नाही. कोथरूडवरून पानशेतला न्यायची तर टेंपोत. डांबरावर दहा मीटर चालवली तरी बेकायदा, आणि अपघात झाला तर तिसऱ्या पक्षाची भरपाई स्वतःच्या खिशातून. ज्यांच्याकडे ट्रॅक आणि पिकअप आहे त्यांच्यासाठी ठीक. नंबरवाली हवी असेल तर केएलएक्स २३० आहे, २३३ सीसी, हवेवर थंड होणारी, १३९ किलो. पण तीही घेताना नाव नीट बघा, नावामागे आर लागलेल्या आवृत्त्या ट्रॅकसाठीच असतात.

आता मूळ प्रश्नकर्त्याचे कागद. मार्च २०१२ म्हणजे मार्च २०२७ला पंधरा वर्षं पूर्ण. त्याआधी रीपासिंग करावं लागेल: फॉर्म २५, मुदत संपण्याच्या आधीच्या ६० दिवसांत अर्ज, गाडी प्रत्यक्ष दाखवायची, चालू विमा आणि पीयूसी. नूतनीकरणाची फी दुचाकीला १,००० रुपये, पाच वर्षांचा पर्यावरण कर वेगळा. उशीर केलात तर महिन्याला ३०० रुपये दंड. मग नोंदणी पाच वर्षांची. पुढच्या वेळी, म्हणजे गाडी विशीत गेल्यावर, फी दुप्पट. १ एप्रिल २०१९च्या आधीची गाडी आहे म्हणून हाय सिक्युरिटी नंबर प्लेट नसेल तर ती आधी.

खर्चाच्या हिशेबात हा आकडा फार नाही. खरी अडचण गाडी दाखवताना येते. कच्च्या वाटेसाठी इंडिकेटर, आरसे, मागचं मडगार्ड, साडी गार्ड काढून ठेवलेले असतात, सायलेन्सर बदललेला असतो. काढलेलं मूळ सामान एका खोक्यात जपून ठेवा, फेकू नका. इम्पल्सचं मागचं मडगार्ड शोधायला निघालात तर जुन्या बाजारात चार रविवार जातील.

आणखी एक. कोणी म्हणेल, जुन्या बाजारातून हंकचं अख्खं इंजिन आणून टाका, स्वस्तात पडेल. इंजिन नंबर क्रँककेसवर असतो आणि आरसीवर तोच लागतो. अख्खं इंजिन बदललं तर आरटीओची परवानगी आणि आरसीत नोंद हवी, नाहीतर रीपासिंगला गाडी परत. असं जुनं इंजिन घ्यायचंच तर त्यातले आतले भाग वापरा, केस तुमचीच ठेवा. आणि विकणाऱ्याकडून पावती घ्या. चोरीच्या गाडीचं इंजिन घरात सापडलं तर ‘मला माहीत नव्हतं’ चालत नाही.

खडीवाला_१५०

सगळं मोजलं.

फूटरेस्टची रेघ तडाच आहे, साधारण १८ मिमी, ब्रॅकेटच्या वेल्डच्या कडेने. मुख्य नळीत शिरलेला नाही. मुंडी, पिव्होट, शॉकचा माउंट कोरडे. चिमटा डावीकडे-उजवीकडे हलत नाही, आवाज शॉकच्या खालच्या बुशचा.

कॉम्प्रेशन गरम, पूर्ण थ्रॉटल: ९५. सिरिंजने २ मिली ऑइल टाकून: १४०. धूर चढावर, सकाळी सुरू करताना नाही. रबरी पाइपमध्ये करकर आहे, खालच्या बाजूला तडा.

डाव्या शॉकअपच्या नळीवर सीलपासून सहा सेमीवर गंजाचे तीन खळगे, नखाला लागतात. उजवी साफ.

एक विचारायचं होतं. ऑइल टाकत टाकत या पावसाळ्यापर्यंत चालवली तर?

टॅपेट_सेट

नका. तुमच्या आकड्याने दीडशे किमीच्या रविवारी ९० मिली जातं, आणि अख्ख्या इंजिनात ऑइल लिटरभर. दोन राइड न बघता झाल्या की पातळी डिपस्टिकच्या खाली. मग चढावर, कमी वेगात, जास्त लोडवर, वाराही नसताना सगळ्यात आधी कॅमशाफ्ट आणि हेडमधलं कॅमचं बेअरिंग जातं. हाफ इंजिनाचं काम तिथे खरंच फुल इंजिनाचं होतं.

९५चे १४० म्हणजे जागा कमी झाल्याचे दहा-पंधरा वजा केले तरी तीसेक उरतात. रिंगा-बोअर. हाफ इंजिन करा. पण हेड काढलेलंच आहे तर वॉल्व्हची परीक्षाही करून घ्या: हेड उलटं ठेवा, प्लग लावलेला, वाटीत पेट्रोल भरा, पाच मिनिटं थांबा. इनटेक किंवा एक्झॉस्टच्या तोंडातून ओल आली तर वॉल्व्ह पेस्टने घासून बसवून घ्या. सील दोन्ही नवे टाकाच, त्यांची किंमत चहापाण्याइतकी. टायमिंग चेनचा टेन्शनर किती बाहेर आलाय बघा, शेवटाला आला असेल तर चेन ताणलीये.

कॅमशाफ्ट आणि कार्ब्युरेटर तुमचेच ठेवा, दुसऱ्या गाडीचे टाकू नका. इम्पल्सचं ट्यूनिंग खालच्या वेगातल्या ओढीसाठी केलेलं आहे.

रिंगा बसवताना खुणेची बाजू वर, तोंडं एकमेकांपासून १२० अंशांवर. सुरुवातीचे ५०० किमी एकाच थ्रॉटलवर हायवेला पळवू नका आणि सिग्नलला तासभर आयडलही ठेवू नका. सिंहगड रस्त्याच्या वाहतुकीत रनिंग-इन होत नाही. पानशेतचा चढ-उतार बरा: थोडी ओढायची, थोडी सोडायची, कारण रिंगा दाबाने बसतात. पहिलं ऑइल १०० किमीला सोडा, दुसरं ५००ला. १०डब्ल्यू-३०, डब्यावर जासो एमए असलेलं. कारचं ऑइल टाकलंत तर क्लच घसरेल.

कोथरूड_ते_कोलाड

उलट बाजूही कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो. इम्पल्स दुरुस्त करणं परवडतं, मान्य. पण तिच्या मर्यादा दुरुस्त होत नाहीत. पुढचं चाक १९ इंची, मागचं १७. एक्सपल्सचं २१ आणि १८. खडीत आणि ओढ्याच्या गोट्यांत २१ इंची चाक दगडावर चढतं, १९ इंची ठेचकाळतं. कच्च्या वाटेच्या टायरची निवडही २१-१८ला जास्त. शॉकचा प्रवास एक्सपल्सला पुढे १९० मिमी, मागे १७०. पुढे डिस्कबरोबर एबीएस. आणि भाग पुढची अनेक वर्षं शोरूममध्ये मिळणार.

वजन मात्र इम्पल्सच्या बाजूने. १३४ किलो विरुद्ध एक्सपल्स २००चे दीडशेच्या वर, आणि नवी २१० तर १६८च्या घरात. ताम्हिणीच्या चिखलात गाडी आडवी झाली की वीस-पंचवीस किलो किती असतात ते कमरेला कळतं. एकटे फिरणार असाल तर हा मुद्दा ताकदीच्या वर ठेवा.

ती २०२१ची बघायला गेलात तर मीटरवरचे २७,००० बघू नका, गाडीच्या खालच्या अंगाला बघा. बॅश प्लेट ठेचलेली आणि मागचे शॉक-लिंकचे जोड कोरडे गंजलेले असतील तर ती कच्च्या वाटेवर राबलीये आणि ग्रीस कोणी लावलेलं नाही. तिथली सुईची बेअरिंग पाणी खाऊन बसतात. चाकांच्या तारांवर पान्याने टकटक करा, सगळ्यांचा सूर एकसारखा हवा. एखादी बद्द वाजली तर सैल, ओळीने चार बद्द वाजल्या तर रिम वाकलीये. ऑइल कूलरच्या पाइपांचे जोड ओले आहेत का, चिमट्यावरचा चेन घासायचा प्लास्टिक पॅड कापला जाऊन चेन लोखंडावर पोचलीये का. थंड इंजिनावर सुरू करायला लावा, मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर परत दुसऱ्या दिवशी सकाळी जा. यातल्या दोन गोष्टी बिघडलेल्या निघाल्या तर ९५,०००च्या वर वीसेक हजार धरून चाला.

आणि नवीच घ्यायची असेल तर सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८वरून १८ टक्के झालाय. जुन्या गाडीचा भाव करताना विक्रेता हे विसरलेला असतो, तुम्ही विसरू नका.

लोखंडी_चिमटा

आकडे बघून माझं मत: दुरुस्त करा. सांगाडा धड आहे, चिमटा धड आहे, क्रँकबद्दल तक्रार नाही. गॅरेजचा कागद असा लिहून घ्या: हाफ इंजिन, रबरी पाइप, ब्रॅकेटचा वेल्ड, कोनसेट, मागच्या शॉकचा खालचा बुश, डाव्या शॉकअपची नळी आणि दोन्हीकडचे सील. मागच्या शॉकचे ४,००० सध्या खोडा, आवाज बुशचा आहे आणि बुश लेथवर होतो. चेन-स्प्रॉकेट बदलायची वेळ आली का ते चेन मागच्या स्प्रॉकेटवरून ओढून बघा. अर्धा दात दिसला तर बदला, नाहीतर ठेवा. क्रँककेस फोडायची परवानगी लेखी नाकारा, म्हणजे ‘उघडलंच होतं म्हणून करून टाकलं’ ऐकावं लागणार नाही. कोथरूडकरांचं २१ इंची चाकाचं म्हणणं बरोबर आहे, पण ते पुढच्या गाडीचं कारण झालं.

एकच जागा अजून फिरू शकते: ती नळी. सहा सेमीवरचे खळगे म्हणजे प्रत्येक मोठ्या खड्ड्याला सील त्यांच्यावरून जाणार, नवा सील महिन्यात कापला जाईल. भोसरी एमआयडीसीत हार्ड क्रोम करणारे आहेत. जुनं क्रोम ग्राइंड करून काढतात, नवं चढवतात, पुन्हा ग्राइंड करून मूळ मापाला आणतात. त्यांच्याकडे जायच्या आधी नळी वाकलीये का बघा: काचेच्या जाड तुकड्यावर किंवा लेथच्या बेडवर हळू लोळवा, खालून उजेडाची फट उघड-मीट झाली तर वाकलेली. वाकलेल्या नळीला क्रोम करू नका. नळी देताना उजवीही सोबत न्या आणि माप तिच्यावरून घ्यायला सांगा, डाव्या नळीच्या गंजलेल्या भागावरून नाही. परत घेताना मायक्रोमीटर तीन ठिकाणी लावायला लावा. वर, मध्ये, खाली एकच आकडा यायला हवा.

सील बसवताना नळीच्या वरच्या टोकाला पातळ प्लास्टिकची पिशवी गुंडाळून त्यावर ऑइल लावा आणि सील त्यावरून सरकवा, नाहीतर टोकाच्या धारेने नवाच सील कापला जातो. फोर्क ऑइल मोजताना स्प्रिंग बाहेर, नळी पूर्ण खाली दाबलेली, आणि दोन्ही बाजूंना वरून पातळी एकसारखी. मापाच्या ग्लासाने ओतून समाधान मानू नका, आत जुनं थोडं राहिलेलं असतंच.

पुढच्या वेळी शॉकअप गळायला लागला की लगेच सील बदलायची घाई नको. डस्ट सील खाली सरकवा, कॅमेऱ्याच्या जुन्या निगेटिव्हची पट्टी सीलच्या ओठाखाली घालून गोल फिरवा. लाल मातीचा कण अडकलेला असतो, पट्टीबरोबर बाहेर येतो, आणि बऱ्याचदा गळती तिथेच थांबते.

खडीवाला_१५०

कागद नव्याने लिहून घेतला, क्रँककेसची ओळ खोडली. नळी काचेवर लोळवली, फट येत नाही. दोन्ही नळ्या घेऊन भोसरीला जातोय. ब्लॉक धुवायला पितांबरी चालेल का?

टॅपेट_सेट

पितांबरी नको, ती पूडच आहे. भांड्याचं लिक्विड.